शाळेला, मंडळाला मदत हवी तर कोणाच्या दारात जावं: मार्टची शाखा, सहकारी बाजार की गावचा पसरो (किराणा दुकान)?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेचं छप्पर गळायला लागलं. त्याच पंधरवड्यात महिला मंडळाच्या बायकांनी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) फराळाला घाऊक गिऱ्हाईक शोधून द्या म्हणून माझ्यामागे लकडा लावला. मी निवृत्त शिक्षिका, पालक-शिक्षक संघात माझं येणं-जाणं असतं, मंडळाचे हिशेबही मीच बघते. तेव्हा दोन्ही कामं माझ्या पदरात पडली. बैठकीत तीन मतं निघाली. एक म्हणाला, हमरस्त्यावर मोठं मार्ट झालंय, त्यांना कायद्यानेच पैसे द्यावे लागतात, तिथे जा. दुसऱ्याचं म्हणणं, बागायतदार बाजारात जा, ती आपल्या माणसांची संस्था. तिसऱ्याने एवढंच विचारलं, की टाळेबंदीत कोण धावून आलं होतं ते विसरलात का?

मी तिन्ही उंबरठे झिजवले. त्या वर्षभरात जे कळलं ते लिहून ठेवते आहे. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि आमच्यासारखी मंडळं, संघ, वाचनालयं गावोगाव आहेत. चुकीच्या दारात चुकीची गोष्ट मागितली की रिकाम्या हाताने परत यावं लागतं. मी दोनदा आले.

मार्टची शाखा

देशभर दुकानं असलेल्या कंपनीकडे जाताना शाखा वेगळी आणि कंपनी वेगळी, हे आधी समजून घ्यावं. 'कायद्याने द्यावे लागतात' ते पैसे कंपनीचे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांवर आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. यालाच सगळे सीएसआर म्हणतात. जिथे धंदा चालतो त्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही त्या कलमात लिहिलंय आणि आमच्या बैठकीतली सगळी आशा त्या एका ओळीवर उभी होती. पण हे प्राधान्य बंधनकारक नाही, असा खुलासा केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्येच केला आहे. त्यामुळे इथल्या दुकानात झालेल्या नफ्याचे दोन टक्के इथेच उतरतील, असा हिशेब कोणी मांडू नये.

मी शाखेत गेले तेव्हा मॅनेजरने खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. घाटावरचा मुलगा, बोलायला गोड. शेवटी म्हणाला, "बाई, पाच हजारांच्या वर काही द्यायचं तर मला मुंबईला विचारावं लागतं, आणि पाच हजार द्यायचे तरी विचारावंच लागतं." त्याचा राग आला नाही. त्याच्या हातात खरंच तेवढंच होतं: पंधरा ऑगस्टला मुलांना वह्या, आणि चवथीच्या आधीच्या आठवड्यात दुकानाच्या दारापाशी टेबल मांडायला जागा. ती जागा मात्र सोन्यासारखी. शनिवार-रविवारी तिथे जेवढी माणसं येतात तेवढी आमच्या गावच्या जत्रेलाही येत नाहीत. शाखेकडे जायचं तर पैसे मागण्यापेक्षा ही जागा मागा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

कंपनीकडे म्हणजे मुख्य कार्यालयाकडे जायचं असेल तर तयारी वेगळी लागते. कोणत्या कामावर पैसा खर्च करता येतो याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे: शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी, स्वच्छता, ग्रामविकास, शिवाय सार्वजनिक वाचनालयं आणि पारंपरिक कलासुद्धा. गावच्या वाचनालयाला हे ठाऊक नसतं म्हणून मुद्दाम सांगते. मात्र ज्यातून कंपनीची जाहिरात होते असं प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही. म्हणजे जत्रेतल्या नाटकाच्या पडद्यावर नाव घालतो, त्या बदल्यात सीएसआरमधून पैसे द्या, हे जमायचं नाही. आमच्या नाटकवाल्या पोरांनी त्यात तीन महिने फुकट घालवले.

दुसरी अडचण कागदपत्रांची. कंपनी स्वतः काम करू शकते, नाहीतर नोंदणीकृत संस्थेमार्फत करते. त्या संस्थेकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, बाहेरची संस्था असेल तर तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून मंत्रालयाकडे नोंदही करावी लागते. पालक-शिक्षक संघाकडे यातलं काहीच नसतं. आम्ही शेवटी तालुक्यातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेला पुढे केलं, अर्ज तिच्या नावाने आणि काम शाळेत. सरकारी शाळा असेल तर शिक्षण खात्याची परवानगी आधीच हातात ठेवा, नाहीतर पैसे मंजूर होऊनही काम अडकतं.

वेळही महत्त्वाची. कंपन्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि उरलेल्या पैशांचा कायद्याने हिशेब द्यावा लागतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत तयार प्रस्ताव त्यांनाही हवे असतात. जूनमध्ये गळकं छप्पर घेऊन गेलं तर कोणी विचारत नाही. गळतीला सीएसआर उपयोगाचा नाही, ते शौचालय, संगणक, पाण्याचं यंत्र असल्या कामांसाठी आहे. अंदाजपत्रक, फोटो, मुलांची संख्या, देखभाल कोण करणार त्याचं पत्र, एवढं जोडून पाठवायचं आणि मग धीर धरायचा.

सहकारी बाजार

अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, राहणाऱ्याला बागायतदार बाजाराची ओळख करून द्यायला नको. बाकी गोव्यासाठी सांगते. गोवा बागायतदार सहकारी खरेदी-विक्री संस्था ही फोंड्याची, मुळात सुपारी पिकवणाऱ्या कुळागरवाल्यांची, म्हणजे बागायतदारांची. सभासदांची सुपारी विकून द्यायची हा तिचा मूळ धंदा आणि त्यातूनच पुढे किराणा बाजार उभे राहिले. आज आमच्याकडे लग्नाची यादी असो की पुरुमेंताची (पावसाळ्याच्या साठवणीची) खरेदी, निम्मी घरं तिथेच वळतात.

मार्टपेक्षा इथे काय वेगळं? कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचं वजन जास्त. सहकारी संस्थेत शेअर कितीही असोत, मत एकच. सुपारीची दोनशे झाडं असलेल्याला आणि दोन हजारवाल्याला सभेत सारखाच हात वर करता येतो. दोन टक्क्यांचा तो कायदा कंपन्यांसाठी आहे, सहकारी संस्थांना तो लागू नाही. म्हणजे इथे कायद्याचा हवाला देऊन उपयोग नाही. नफ्यातून समाजासाठी किती काढायचं ते संचालक मंडळ सुचवतं आणि सर्वसाधारण सभा ठरवते. त्या सभेत तुमच्या गावचे पाच सभासद उठून बोलले तर त्याला वजन असतं. मुंबईच्या कार्यालयात माझ्या पत्राला कधीच येणार नाही असं वजन.

आम्ही हेच केलं. ज्या सहकारी बाजारात मी गेले तिथला शाखाधिकारी शाळेचाच जुना विद्यार्थी निघाला, पण त्या ओळखीवर काम झालं असं नाही. त्याने सरळ सांगितलं, अर्जावर तुमच्या वाड्यावरच्या सभासदांच्या सह्या आणा, मग मी वर पाठवतो. सह्या गोळा करताना माझ्या लक्षात आलं की गावात किती घरं सभासद आहेत आणि कितीजणांनी गेल्या दहा वर्षांत एका सभेलाही पाऊल ठेवलेलं नाही. मदत मिळाली ती मोठी नव्हती, छपराच्या खर्चाच्या एक चतुर्थांश. पण महिन्याभरात मिळाली.

सहकाराचा खरा फायदा फराळात दिसला. मार्टमध्ये माल ठेवायचा तर खाद्यपरवाना हवा (तो तर कुठेही हवाच), शिवाय ८९० ने सुरू होणारा बारकोड, ठरावीक वजनाची छापील पाकिटं, सहा महिने टिकण्याची हमी आणि एकाच वेळी सगळ्या शाखांना पुरेल एवढा माल. नेवऱ्या (करंज्या) आणि लाडू करणाऱ्या अकरा बायकांना हे कुठून झेपणार? एका मार्टने नमुन्यादाखल थोडा माल घेतला, पण विकला गेल्यावर पैसे द्यायला चार महिने लावले. तोपर्यंत खोबरं आणि गूळ आणायला मंडळाच्या पेटीतले पैसे संपले होते. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेल्या लहान उत्पादकाला सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. एप्रिल २०२४ पासून तर वेळेत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्च म्हणून दाखवून आयकर वाचवण्याचीही सोय राहिलेली नाही. बचतगटालाही उद्यम नोंदणी करता येते, ती ऑनलाइन आणि फुकट आहे. मार्टला माल देणार असाल तर ही नोंदणी आधी करा, मग पाकिटं भरा.

सहकारी बाजाराने एकाच शाखेपुरती ऑर्डर दिली, हाताने लिहिलेली चिठ्ठी लावलेली पाकिटं नको पण साधा छापील लेबल चालेल म्हणाले, आणि पैसे वीस दिवसांत दिले. एका शाखेपुरतं घेण्याचा हा अधिकार शाखेला आहे, हेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. खोल्याची मिरची, आगशीची वांगी, मानकुराद यांना भौगोलिक मानांकन मिळालं याचा आपल्याला अभिमान आहे. पण असला माल टनावारी नसतो. दहा-वीस किलो घेणारं दुकानच नसेल तर मानांकन भिंतीवर टांगून ठेवण्यापुरतंच उरतं.

उणीव सांगायची तर सहकारी संस्थेचा हात मर्यादित असतो. संगणककक्ष बांधून द्या म्हटलं तर ते शक्य नाही, आणि निवडणुकीचं वर्ष असलं की अर्ज पडून राहतो. शिवाय बाजाराची शाखा तुमच्या भागात नसली तर सगळं बोलणंच खुंटतं.

गावचा पसरो

इथे लिहायला कमी आहे, कारण इथे अर्ज नाही, अनुसूची नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पहिले काही दिवस गोव्यात किराणा दुकानंही बंद ठेवली होती. त्या दिवसांत आमच्या पसरोकाराने म्हाताऱ्या माणसांच्या घरी तांदूळ आणि दुधाची पावडर पोचवली, वहीत लिहून. काहींची ती पानं अजून कोरी झालेली नाहीत. छप्पर गळायला लागलं त्या संध्याकाळी ताडपत्री आणि दोरी त्यानेच दिली, पैशाचं नाव काढलं नाही. नाटकाच्या पावतीपुस्तकातली पहिली पावती दर वर्षी त्याच्याच नावाची असते.

त्याच्याकडे मोठी रक्कम मागू नये. त्याचा नफा किती तो आपल्याला दिसतो, आणि पुरुमेंताचं मोठं सामान आपण मार्टमधून आणून त्याच्याकडे फक्त उधारीवर माचिस नि मीठ घेत असू, तर मागण्याचा हक्कही उरत नाही. हे मी स्वतःलाही सांगितलं आणि आता महिन्याचे कडधान्य-तेल त्याच्याकडून घेते. चार पैसे जास्त पडतात.

परदेशातली एक गोष्ट

इंग्लंडमधल्या स्विंडनला आमच्याकडची कितीतरी मुलं आहेत. त्यातल्या एकीने तिथल्या टेस्को या मोठ्या दुकानसाखळीची गोष्ट सांगितली. खरेदी केली की काउंटरवर एक निळं टोकन देतात. दाराजवळ तीन खोके असतात, प्रत्येकावर त्या भागातल्या एका कामाचं नाव: शाळेचं मैदान, वृद्धांचा क्लब, असं काही. आपल्याला आवडेल त्यात टोकन टाकायचं. ज्याला जास्त टोकनं त्याला जास्त रक्कम. तिथे पिशवीला पैसे लागू झाले तेव्हा, २०१५ मध्ये, त्या पैशातून हे सुरू झालं. पैसे मुख्य कार्यालयाचे, पण निवड गिऱ्हाइकाची. आमच्या मॅनेजरला मी हे सांगितलं तेव्हा त्याने वहीत टिपून घेतलं. गोव्यातल्या एखाद्या मोठ्या दुकानाने हे केलं तर मी रोज तिथे जाईन.

मग कुठे जायचं?

पावसात काही कोसळलं, कोणाचं घर जळलं, ताबडतोब काही हवं असेल तर पसरो. लाखाच्या वरचं, एकदाच लागणारं काम असेल, हातात नोंदणीकृत संस्था असेल आणि वर्षभर थांबायची तयारी असेल तर मोठी कंपनी, तीही शाखेत चकरा न मारता थेट मुख्य कार्यालय. दर वर्षी लागणारी लहान मदत, आणि मंडळाच्या मालाला कायमचं गिऱ्हाईक हवं असेल तर सहकारी बाजार, त्यासाठी सभेला जायची तयारी हवी. फराळ पहिल्यांदाच विकत असाल तर मार्टच्या दारातलं टेबल घ्या, माल आत ठेवायला देऊ नका. आणि एका गोष्टीवर मी ठाम आहे: एकदा मिळालेल्या मोठ्या चेकपेक्षा दर चवथीला येणारी दोनशे पाकिटांची ऑर्डर मंडळाला जास्त धरून ठेवते.

संगणकांचा आमचा अर्ज जानेवारीत गेला, मे महिन्यात कंपनीचा माणूस शाळा बघून गेला, उत्तराची वाट बघतोय. बाजाराकडून यंदाची यादी आली आहे: नेवऱ्यांची दोनशे पाकिटं, मुगाच्या लाडवांची दीडशे. परवा सकाळी मंडळाच्या खोलीत खोबरं किसायला बसायचं आहे.