शिल्डनचं लोकोमोशन संग्रहालय: हरलेल्या इंजिनापाशीही थांबा

माझे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपात बॉयलरवर होते. जुन्या ट्यूबा काढायच्या, नव्या बसवायच्या, यातच त्यांची सगळी नोकरी सरली. म्हणून लेकीकडे इंग्लंडात न्यूकॅसलला आल्यावर मी आधी शिल्डनच्या या रेल्वे संग्रहालयाचं नाव काढलं. डार्लिंग्टनला गाडी बदलायची, शिल्डनला उतरायचं, तिथून पायीच जायचं. प्रवेश फुकट.

स्टीफन्सन पितापुत्रांचं अस्सल 'रॉकेट' हे वाफेचं इंजिन इथे आहे. चित्रातलं पिवळंधमक इंजिन मनात धरून जाऊ नका. समोर आहे ते काळं, राबून झिजलेलं लोखंड. मूळचे तिरके सिलिंडरही पुढे खाली आणलेले. मला ते तसंच आवडलं. कामाच्या खुणा रंगाखाली गेलेल्या नाहीत. ऑक्टोबर १८२९ मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेने रेनहिलला ५०० पौंडांचं बक्षीस लावून इंजिनांची जाहीर चाचणी घेतली. बघायला हजारो माणसं लोटली. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटायला अजून साडेतेवीस वर्षं होती, आणि 'रॉकेट' ताशी ३० मैलांच्या आसपास पळालं, चाचणीही जिंकलं! ती करामत बॉयलरमधून आरपार गेलेल्या २५ तांब्याच्या ट्यूबांची. एका जाड नळीऐवजी पंचवीस नळ्यांतून धग गेली की पाणी चहूकडून तापतं, वाफ भराभर धरते. नातू म्हणाला, "आबा, म्हणजे पणजोबा हेच काम करायचे?" हो बाळा, हेच.

याच संग्रहालयात त्याच चाचणीत उतरून हरलेलं, टिमोथी हॅकवर्थचं 'सान्स पारेल' आहे. हॅकवर्थने ते शिल्डनलाच बांधलं. सिलिंडर उभे, बॉयलरात एकच नळी, तीही वळून परत आलेली. कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, फार खायचं, वजन नियमाबाहेर भरलं, आणि ऐन चाचणीत सिलिंडरला तडा गेला. सिलिंडर ओतले होते स्टीफन्सनच्याच कारखान्यात. तरी ते भंगारात गेलं नाही. बोल्टन-ली मार्गावर १८४४ पर्यंत चाललं, मग कोळशाच्या खाणीवर पंप ओढत राहिलं. हरल्यावर इतकी वर्षं राबलेलं यंत्र मला रॉकेटइतकंच मोठं वाटतं. त्याच्यापुढे मी अर्धा तास उभा होतो.

आम्ही दोन तास काढून गेलो होतो, ते या दोघांतच संपले. तुम्ही अख्खा दिवस काढा. बाकीची इंजिनं बघायला आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा जातोय.