सायकलचं हेल्मेट: मेलबर्नमध्ये एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात हेल्मेटशिवाय सायकल चालवताना पकडलं तर दोनशे डॉलरच्या वर दंड बसतो. पुण्याहून नोकरीसाठी मेलबर्नला आले आणि कोबर्गच्या घरून शहरातल्या ऑफिसला सायकलने जायचं ठरवलं, तेव्हा हेल्मेट घ्यावं की नाही हा प्रश्नच नव्हता. कोणतं घ्यावं एवढाच होता. आता एक अख्खा हिवाळा आणि उन्हाळा वापरून झालाय. पुण्यातले सायकलवाले मित्रमैत्रिणी दोन गोष्टी विचारतात: वस्तू कशी आहे, आणि आपल्याकडे सायकलला हेल्मेटसक्ती आणावी का? आधी वस्तूबद्दल.

मधल्या किमतीचं, साधं, ऑफिसला जाणाऱ्यांसाठीचं हेल्मेट आहे. वर पॉलिकार्बोनेटचं पातळ कवच, आत थर्माकोलच्याच जातीचा पण बराच दाट फोम, आणि मागे घट्ट-सैल करायची चकती. आतल्या बाजूला मिप्स नावाचा पिवळा पातळ थर आहे. डोकं तिरकं आपटलं तर हा थर किंचित सरकतो आणि डोक्याला बसणारा पीळ कमी व्हावा अशी त्यामागची कल्पना आहे.

बसण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर हवी. इथे रोज कितीतरी लोक ते टोपीसारखं मागे सरकवून घालताना दिसतात. कपाळ उघडं राहिलं तर त्याचा उपयोग निम्माच. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कानाच्या पाळीखाली एकत्र यायला हव्यात आणि हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटं जावीत. मग चकती फिरवायची आणि मान जोरात हलवून बघायचं. हे मनासारखं जुळायला मला बरेच दिवस लागले. एकदा जुळल्यावर मात्र ते डोक्यावर आहे हे विसरायला होतं.

लांब केस असणाऱ्यांसाठी: अंबाड्यावर हे बसत नाही. उंच पोनीटेलवरही नाही. मानेशी सैल वेणी घातली की ती चकतीच्या खालून नीट बाहेर येते. आणि तेल लावणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आतल्या मऊ पट्ट्या तेल आणि घाम दोन्ही शोषतात. त्या काढता येतात. मी आठवड्याला कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून धुते आणि सावलीत वाळवते. हेल्मेट उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये, उष्णतेने फोम खराब होतो.

इथल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला जातो. सायकल चालू असताना भोकांतून वारा खेळतो, पण सिग्नलला थांबलं की डोकं तापतं. हिवाळ्यातल्या पावसात त्याच भोकांतून पाणी येतं, त्यासाठी वरून घालायचं कव्हर वेगळं घ्यावं लागलं. सप्टेंबरच्या आसपास मॅगपाय पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्या सायकलस्वारांवर झेप घेतात. तेव्हा लोक हेल्मेटला प्लास्टिकचे झिप टाय काट्यांसारखे उभे लावतात. त्यांचा उपयोग होतो असं मला दिसलं नाही. उतरून चालत गेलं तर पक्षी बऱ्याचदा सोडून देतो. चोच मात्र हेल्मेटवर बसली, टाळूवर नाही, याबद्दल मी ऋणी आहे.

आणि मुख्य प्रसंग. माझा नेहमीचा रस्ता अपफिल्ड रेल्वेमार्गाला लागून गेलेली सायकलवाट. तिथे मोटारी नाहीत. एका संध्याकाळी काम होतं म्हणून सिडनी रोडने गेले. तिथे सायकलची पट्टी म्हणजे उभ्या गाड्या आणि ट्रामचे रूळ यांच्यामधली चिंचोळी जागा. एका गाडीचं दार अचानक उघडलं आणि मी डाव्या खांद्यावर आणि डोक्याच्या बाजूवर पडले. खांदा कित्येक आठवडे दुखत होता. डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. हेल्मेटचा फोम कानाच्या वर दबून तडकला होता. फोम एकदाच मार खातो, पुन्हा फुगत नाही. म्हणून ते टाकून दिलं आणि त्याच मॉडेलचं दुसरं घेतलं. वस्तूला पैकीच्या पैकी गुण द्यायला मला एवढं पुरेसं आहे.

पण त्या दारापुढे हेल्मेटचं काही चाललं नाही, हेही खरं. ते दार अडवलं असतं वेगळ्या सायकलवाटेने. हेल्मेट नेमकं काय करतं ते चाचणीवरून कळतं. युरोपच्या ईएन १०७८ चाचणीत हेल्मेट सुमारे दीड मीटरवरून सपाट लोखंडावर पाडतात. म्हणजे आपटतानाचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आत. सायकलवरून स्वतः पडणाऱ्या माणसाला हे मोलाचं आहे. ताशी ६० ने येणाऱ्या ट्रकची धडक या चाचणीत येतच नाही.

आता सक्ती. जगात पहिल्यांदा ती इथेच, व्हिक्टोरियात, १ जुलै १९९० ला आली. मार्च १९९० मध्ये ३१ टक्के सायकलस्वार हेल्मेट घालत होते, वर्षभरात ते प्रमाण ७५ टक्क्यांवर गेलं. डोक्याला मार लागून मेलेल्या किंवा इस्पितळात दाखल झालेल्या सायकलस्वारांचे विम्याचे दावे पहिल्या वर्षी ४८ टक्क्यांनी घटले. सक्तीच्या बाजूचे लोक हे आकडे देतात आणि ते बरोबर देतात. पण त्याच काळातल्या पाहण्यांत मेलबर्नमधल्या मुलांचं सायकल चालवणं पहिल्या वर्षात ३६ टक्क्यांनी कमी झालेलंही दिसलं. मग दावे घटले त्यातलं किती हेल्मेटमुळे आणि किती मुलं सायकलवरून उतरल्यामुळे, यावर तीस वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. एक पूर्ण शाळकरी पिढी सायकलपासून थोडी दूर गेली, ही गोष्ट मला फार लागते.

२०१० मध्ये इथे निळ्या भाड्याच्या सायकली सुरू झाल्या. मनात आलं की उचलावी, अशी ती सोय. पण हेल्मेट कुठून आणायचं? दुकानांत पाच डॉलरला विकून पाहिलं, पुढे सायकलीवरच मोफत ठेवून पाहिलं. लोक फिरकले नाहीत आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये योजना बंद झाली. मेक्सिको सिटीने त्याच २०१० साली, भाड्याच्या सायकली चालाव्यात म्हणून, सक्तीच काढून टाकली. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१६ मध्ये हेल्मेट न घातल्याचा दंड ७१ डॉलरवरून थेट ३१९ केला. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या किंग काउंटीने २०२२ मध्ये सक्ती उठवली, कारण तिथे दंडाच्या पावत्या बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांच्या वाट्याला जास्त येत होत्या. दंड कोणाला होतो हे बघितल्याशिवाय सक्तीवर बोलूच नये, असं मला तेव्हापासून वाटतं.

म्हणूनच आपल्याकडे सायकलला सक्ती नको, हे माझं ठाम मत आहे. स्कूटर-मोटारसायकलची गोष्ट वेगळी. त्यांना हेल्मेट सक्तीचं करणारं मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम आहे आणि २०१९ मध्ये पुण्यात त्याला झालेला विरोध मला तेव्हाही पटला नव्हता. इंजिनाचा वेग डोक्याला झेपत नाही. पण महाराष्ट्रात रोज सायकल कोण चालवतं? पहाटे दूध आणि पेपर टाकणारे, बांधकामावर जाणारे मजूर, वॉचमन, आणि गावाकडच्या शाळकरी मुली. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, कारण शाळा लांब असली की मुलीचं शिक्षण आधी सुटतं. त्या मुलीला चौकात अडवून पावती फाडली तर घरचे दुसऱ्या दिवशी तिला सायकलवर पाठवणार नाहीत.

तिला सायकलीबरोबरच हेल्मेट द्यावं. सरकारी खर्चाने, तिच्या मापाचं, पट्ट्या कशा लावायच्या हे शाळेत दाखवून. वेणी घालून बसेल असं मॉडेल निवडावं, नाहीतर ते खुंटीवरच राहील. आणि दंड वसूल करायचाच असेल तर सायकलपट्टीत गाडी लावणाऱ्याकडून करावा. इथे एप्रिल २०२१ पासून सायकलला ओलांडताना ६० च्या वेगापर्यंत एक मीटर आणि त्यापुढे दीड मीटर अंतर सोडावं लागतं. मेलबर्नकडून काही उचलायचंच असेल तर हा नियम उचलावा, तो पायडल मारणाऱ्याच्या बाजूने आहे.

भारतात घेणाऱ्यांसाठी: आयएस ४१५१ या मानकाचा आयएसआय शिक्का मोटारसायकलच्या हेल्मेटचा, तो सायकलसाठी शोधत बसू नका. आत ईएन १०७८ किंवा अमेरिकेच्या सीपीएससी या ग्राहक-सुरक्षा संस्थेचं लेबल आहे का ते बघा. डोक्याचा घेर भुवयांच्या वरून टेपने मोजून दुकानात जा. शक्यतो ऑनलाइन मागवू नका, कारण एकाच घेराच्या दोन डोक्यांना एकच हेल्मेट सारखं बसेल असं नाही. कोणी वापरलेलं देत असेल तर घेऊ नका, ते आधी कुठे आपटलंय हे वरून दिसत नाही. महाग आणि स्वस्त यांत मुख्य फरक वजनाचा आणि वाऱ्याचा. लेबल खरं असेल तर स्वस्तातलं घ्यायला काही हरकत नाही.