दहावीसाठी घेतलेला संभाव्यता-संच: दोन फासे, पण एकाच रंगाचे

मुलीला ‘नमुना अवकाश’ (म्हणजे सर्व शक्य निष्पत्तींची यादी) ही संकल्पना हाताळून समजावी, म्हणून हा संच मागवला. त्यात दोन नाणी, दोन फासे, पत्त्यांचा जोड आणि एक कार्यपुस्तिका आहे. नाण्यांचा भाग उत्तम जमला आहे. दोन नाणी फेकल्यावर ‘दोन छापे, एक छापा, शून्य छापे’ अशा तीनच निष्पत्ती मुले सांगतात आणि प्रत्येकीला एक तृतीयांश देऊन मोकळी होतात; पुस्तिका मात्र छाछा, छाका, काछा, काका असे चारही घटक शाखाकृतीने काढून घेते, त्यामुळे ‘एक छापा’ दोन प्रकारे येतो हे आपोआप दिसते. (दोन फेकींत निदान एक छापा येण्याची संभाव्यता दोन तृतीयांश आहे, तीन चतुर्थांश नव्हे, असे द’अलांबेर यांच्यासारख्या गणितज्ञानेही १७५४ मध्ये मांडले होते, तेव्हा मुलांना हसू नये.)

फाशांपाशी मात्र संच फसतो. दोन्ही फासे पांढरेच असल्याने (२, ३) आणि (३, २) वेगळे का, हे डोळ्यांना पटत नाही, आणि ३६ घटकांऐवजी मुलगी २१ वर थांबली. आम्ही एका फाशाला कुंकू लावले, तेव्हा कुठे बेरीज ७ सहा प्रकारे आणि १२ एकाच प्रकारे येते हे तिला उमगले. पत्ते ठीक आहेत, फक्त जोकर आधी बाजूला काढावेत, नाहीतर ५२ चे ५४ होतात.