पहाटेचा यमन आणि गेलेले ५३,८०० रुपये

मे महिन्यात पवना धरणाच्या काठावर पाच दिवसांचं निवासी संगीत शिबिर, वय ८ ते ८०, फक्त हौशी गायक-वादकांसाठी, राहायला तंबू, दोन वेळचं जेवण आणि रोज रात्री मैफल. अशी जाहिरात तुमच्या क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असेल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. धरण दुसरं असेल, महिना दुसरा असेल, तरी वाचा.

आमच्या घरातले चौघं यात ५३,८०० रुपयांना बुडालो. माझ्या शब्दावर क्लासमधल्या तिघींनी प्रत्येकी १२,७०० भरले. ते ३८,१०० वेगळे. एकूण ९१,९००. स्वतःच्या पैशांचा राग येतो. त्या तिघींच्या पैशांची लाज वाटते आणि ती जात नाही. एकीने मुलाला न सांगता साठवलेल्या पैशांतून भरले होते. तिने मला एका शब्दाने विचारलेलं नाही, आणि म्हणूनच क्लासला जायचं म्हटलं की माझे पाय जड होतात.

चोरलेले फोटो, ‘शेवटच्या सहा जागा’, घाईघाईने मागितलेली आगाऊ रक्कम हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मलाही होतं. मी ओटीपी कुणाला सांगत नाही, वीज तोडण्याच्या धमकीचे मेसेज वाचून घाबरत नाही, अनोळखी लिंक उघडत नाही. तेव्हा ‘एवढंही कसं कळलं नाही’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. ही माणसं बँकेचे अधिकारी बनून आली नव्हती. ती आमच्या भाषेत बोलत आली. षड्ज साधना, पलटे, ख्यालाची बढत, लेहऱ्यावर तबला सोलो, सगळे शब्द जागच्या जागी. तंबोरे थेट मिरजेहून येणार आहेत म्हणून वाद्यांची अनामत घेतो, असं सांगितलं तेव्हा मला त्यात खोटं काय वाटणार? तंबोरे मिरजेचेच असतात हे गाण्यातल्या कुणालाही ठाऊक आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेही त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. खरी माहिती नेमकी पेरलेली होती.

आणि त्यांना आमची भूक माहीत होती. नोकरी, घर सांभाळून आठवड्यातून दोनदा क्लासला जाणाऱ्या माणसाला काय मिळत नाही? सलग दोन तास गायला जागा मिळत नाही. साथीला तबलजी मिळत नाही, ॲपवरच्या ठेक्यावर भागवावं लागतं. गुरुपौर्णिमेला पाच मिनिटं मिळतात, त्यातही मागून कुणीतरी हात दाखवून आवरतं घ्यायला सांगतो. मुख्य म्हणजे मन लावून ऐकणारं कुणी नसतं. यांनी नोंदणीच्या आधी प्रत्येकाकडून एक मिनिटाचं रेकॉर्डिंग मागवलं, ‘स्तर ठरवण्यासाठी’. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘तुमच्या आवाजात ठहराव आहे. तो नैसर्गिक आहे, शिकवून येत नाही. ताईंनी स्वतः ऐकलं.’ ताई म्हणजे एक नामवंत गायिका, जिचं नाव त्यांनी सर्रास वापरलं होतं. मी तो मेसेज किती वेळा उघडला ते मलाच माहीत.

माझे सासरे ७४ वर्षांचे, बासरी वाजवतात. जाऊबाई पेटी वाजवतात. पुतण्या बारा वर्षांचा, तबला शिकतो. चौघांना चार प्रकारचं वाजवता-गाता येतं आणि एकाच ठिकाणी जाता येतंय, असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. शुल्क माणशी १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. आधी नोंदणीचे माणशी २,०००, चौघांचे ८,०००. पंधरवड्यात उरलेले ३९,२००. मग वाद्यांची अनामत ३,०००, ‘शेवटच्या दिवशी रोख परत’. मग बसचे माणशी ९०० प्रमाणे ३,६००. एकदम ५३,८०० मागितले असते तर घरात चर्चा झाली असती. तुकड्यांनी मागितले की प्रत्येक वेळी आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून पुढचे भरले जातात. इथे कान उघडे ठेवा: ठरलेल्या शुल्कानंतर नवीन नावाने दुसरी रक्कम मागितली की तिथेच हात आखडा.

आता त्या क्षणाबद्दल, जो मला रात्री झोपू देत नाही.

पैसे भरल्यावर रोजचं वेळापत्रक आलं. सुंदर छापलेलं. त्यात होतं: ‘पहाटे ५.३० – तळ्याकाठी सामूहिक यमन. सायंकाळी ६.३० – भैरव, मार्गदर्शनासह.’ मी ते वाचलं आणि थबकले. यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. भैरव सकाळचा. गाणं शिकायला लागल्यावर पहिल्या वर्षात कळणारी ही गोष्ट आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या सुरुवातीच्या परीक्षांना बसणारी मुलंही हे सांगतात. आणि हे म्हणे नामवंत गायिकेच्या देखरेखीखालचं शिबिर! मी जाऊबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, छापणाऱ्याने ओळी उलटसुलट केल्या असतील. मलाही ते पटलं, कारण छपाईत अशा चुका होतातच. पत्रिका छापताना वधू-वरांची नावं बदलतात, तिथे रागाचं काय! मी त्यांना मेसेज टाकला, ‘वेळा बदलल्या गेल्यात का?’ उत्तर आलं, ‘नाही मॅडम, वेळा फायनल आहेत.’

वेळा फायनल आहेत. गाण्यातला कुणीही माणूस हे उत्तर देणार नाही. तो जीभ चावेल, माफी मागेल, निदान हसेल. त्या तीन शब्दांत सगळं उघडं पडलेलं होतं आणि तेव्हा वाद्यांची अनामत आणि बस, मिळून ६,६०० रुपये भरायचे बाकी होते. क्लासमधल्या तिघींनी तर एक रुपयाही भरलेला नव्हता. पण मी म्हणते, फोनवर बोलणारा कार्यालयातला पोऱ्या असेल असं कुणालाही वाटलं असतं. मोठ्या महोत्सवांतसुद्धा तिकीट देणाऱ्याला राग कळत नाहीत. माझी शंका योग्य होती आणि तिचं उत्तर मागण्याइतकी मी सावध होते. खोटं उत्तर देणारे ते होते.

ज्यांना गाण्यातलं कळतं त्यांच्यासाठी अजून एक खूण. नोंदणीच्या अर्जात वय, रक्तगट, टी-शर्टचं माप सगळं विचारलं होतं. पट्टी, म्हणजे पेटीची कुठली पट्टी सा धरून गाता, ही विचारली नव्हती. कोण काळी एकमध्ये गातो, कोण काळी चारमध्ये, हे कळल्याशिवाय तबले कुठल्या स्वराचे आणायचे हेच ठरत नाही. मी तरी या पुढे पट्टी न विचारणाऱ्या शिबिराला एक रुपया देणार नाही.

जायच्या दिवशी सकाळी ठरलेल्या चौकात बस आली नाही. फोन बंद. ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येत होतं, आणि नऊच्या सुमाराला आम्हाला सगळ्यांना त्यातून काढून टाकलं. तरी आशा सुटेना, म्हणून गाड्या करून कामशेतमार्गे धरणावर गेलो. समोर तुंग, तिकोना, सगळं माहितीपत्रकातल्यासारखं. पाणी तेवढं नव्हतं. मे महिन्यात धरण खाली गेलेलं असतं, काठ दूर सरकतो, मधे भेगाळलेली जमीन. माहितीपत्रकात पाणी तंबूच्या दारात आणि डोंगर हिरवेगार, म्हणजे फोटो पावसाळ्यानंतरचे. ज्या तंबूवाल्याच्या जागेचा पत्ता दिला होता त्याने हात जोडले. त्याच्या जागेचे फोटो कुणीही उचलावेत, त्याला पत्ताही नव्हता. तिथे आमच्यासारखे आणखी लोक उन्हात उभे होते. सोलापूरहून आलेले एक शिक्षक व्हायोलिन घेऊन, नाशिकहून आलेल्या एक आजी आणि त्यांची नात. आम्ही मोबाइल काढून एकमेकांना दाखवले. ‘तुमच्या आवाजात ठहराव आहे.’ सगळ्यांना तोच मेसेज. व्हायोलिनवाल्यांनाही तोच. जाऊबाईंनाही आला होता, त्यांना वाटलं होतं पेटीच्या आवाजाबद्दल म्हणत असतील. सासऱ्यांनी त्यांचा मोबाइल दाखवला नाही. ते गाडीत जाऊन बसले. त्या दिवसापासून त्यांनी बासरी तिच्या खोळीतून काढलेली नाही, आणि याची नुकसानभरपाई कुठल्या कलमात बसते ते मला कुणीतरी सांगावं.

एका ओळखीच्या शिक्षिकेमार्फत त्या गायिकेच्या शिष्येला विचारलं. त्यांना या शिबिराची गंधवार्ता नव्हती. हा फोन आधीही करता आला असता असं म्हणाल, पण मोठ्या कलाकारांना असं विचारायचा संकोच वाटतो. तो सोडा. गाण्याच्या जगात कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. विचारा.

आता पोलीस.

आमच्या भागातल्या ठाण्यात गेलो. पहिलं वाक्य: ‘तळं आमच्या हद्दीत येत नाही.’ पैसे माझ्या घरात बसून, माझ्या मोबाइलवरून गेले, मग तळ्याच्या हद्दीचा काय संबंध? दुसरं वाक्य: ‘तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, ही दिवाणी बाब आहे.’ अस्तित्वातच नसलेल्या शिबिराचे पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचंच आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात लिहिलेलं आहे आणि हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मी कलमाचा कागद पुढे ठेवला तर साहेब म्हणाले, ‘मॅडम, आम्हाला कायदा शिकवू नका.’ मग बाजूच्या टेबलावरून आवाज आला, ‘या वयात गाणंबिणं शिकायला एवढे पैसे कशाला घालवायचे!’ माझे सासरे शेजारी उभे होते. त्यांच्या मुलाच्या वयाचा तो माणूस. लग्नाच्या हॉलचे पैसे बुडाले असते तर हसले असते का? गाड्यांचे बुडाले असते तर? हौशीचे पैसे हे पैसे नाहीत, असं या लोकांना वाटतं, आणि चोरांनाही नेमकं हेच ठाऊक आहे की गाण्याच्या शिबिराची तक्रार घेऊन कुणी गेलं तर त्याला हसून परत पाठवतील. शेवटी एक साधा अर्ज घेतला, पोच दिली. एफआयआर नाही.

बँकेत वेगळाच प्रकार. संरक्षण आहे ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहाराला, तुम्ही पिन टाकलात ना? टाकला. मग झालं. पैसे ज्या खात्यात गेले त्या खातेदाराचं नाव बँकेला दिसतं, त्याचं केवायसी झालेलं असणार, पण ते ‘गोपनीय’. माझं नाव, नंबर, रेकॉर्डिंग, घरातल्या लहान मुलाचा फोटो चोराकडे आहे, आणि गोपनीयता त्याची जपायची!

म्हणून सांगते, ठाण्यात रांग लावत बसण्याआधी, पैसे गेल्याचं लक्षात आल्याच्या पहिल्या तासात १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. रक्कम खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते. आम्ही बसची वाट बघत राहिलो आणि आमचे पैसे तर कित्येक आठवड्यांपूर्वी गेलेले होते. ठाण्याने एफआयआर घेतला नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयाला पोस्टाने पाठवा. आम्ही पाठवला आहे.

पैसे भरताना यूपीआयवर जे नाव दिसतं ते बघा. ही माणसं स्वतःला न्यास (ट्रस्ट) म्हणवत होती, पण आमच्या वेळी एका व्यक्तीचं नाव होतं, ‘ते आमचे खजिनदार’ असं सांगितलं. न्यासाचे पैसे न्यासाच्या खात्यातच जायला हवेत, खजिनदाराच्या नाही. पावतीवरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, त्याला पैसे पडत नाहीत. पंधरा अक्षरांत पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनचं चौथं अक्षर न्यासाला ‘टी’ असतं, व्यक्तीला ‘पी’. आमच्या पावतीवर न्यास आणि क्रमांकात ‘पी’. शोधलं तर एका हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. त्या बिचाऱ्यालाही माहीत नसेल.

आणि तक्रार केल्यावर सावध राहा. आम्हाला आता फोन येतात, ‘तुमचे पैसे गोठवलेत, सोडवायला २,४९९ प्रक्रिया शुल्क भरा, हे ॲप टाका.’ पैसे बुडालेल्यांची यादी त्याच चोरांकडे असते. एक रुपयाही देऊ नका, ॲप तर मुळीच टाकू नका.

आम्ही सगळे मिळून ग्राहक आयोगात जात आहोत. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तळ्याच्या हद्दीचा प्रश्न येत नाही. एकाच कारणाने फसलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. सोलापूरचे शिक्षक आणि नाशिकच्या आजी आमच्यासोबत आहेत, क्लासमधल्या तिघीही. त्या खात्यात तुमचेही पैसे गेले असतील तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पावती आणि ते ‘ठहराव’वालं उत्तर जपून ठेवा, डिलीट करू नका. जितकी नावं अर्जावर येतील तितकं त्या खातेदाराचं नाव बाहेर काढणं सोपं जाईल.