जागतिक साहित्य फुकटात शिकायचंय? हार्वर्ड की येल?

घरबसल्या, पदरचा पैसा न घालता जगातलं अभिजात साहित्य शिकायचं, तर माझ्या मते दोनच कोर्स शेजारी ठेवून बघावेत: एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा हार्वर्डचा 'मास्टरपीसेस ऑफ वर्ल्ड लिटरेचर' आणि येलचा स्पॅनिश लेखक सर्वांतेसच्या 'डॉन किहोते' या कादंबरीवरचा वर्ग. दोन्ही इंग्रजीत, पण स्वभावाने दोन टोकं.

हार्वर्डवाले मेसोपोटेमियातल्या गिल्गमेश या प्राचीन महाकाव्यापासून निघतात आणि ओडिसी, अरेबियन नाइट्स, जपानची गेंजीची कथा करत रश्दी, झुंपा लाहिरींपर्यंत पोचवतात. डेव्हिड डॅमरॉश आणि मार्टिन पुक्नर एकमेकांशी बोलत बोलत शिकवतात. व्हिडिओ छोटे, त्यामुळे नोकरी सांभाळून जमतं. गोवेकरांना तर यात एक घरचा धागाही सापडेल: वास्को द गामाच्या सफरीवर महाकाव्य लिहिणारा पोर्तुगीज कवी कामोंइश इथे आहे, आणि तो १५५३ साली स्वतः गोव्यात येऊन राहिला होता. मात्र एवढा पल्ला मारायचा म्हणजे प्रत्येक ग्रंथाशी तोंडओळखच होणार.

येलचं उलट. रोबेर्तो गोन्साळेस एचेव्हारिया यांच्या २००९ सालच्या वर्गात कॅमेरा लावून टिपलेली २४ व्याख्यानं, तासाभराहून मोठी, आणि पुस्तक एकच. सजावट शून्य. पण किहोते पवनचक्क्यांना राक्षस समजून लढतो, ती लढाई आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. ती पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात येते आणि दोन-तीन पानांत आटोपतेसुद्धा. पुढे शंभरावर प्रकरणं उरतात! खरी गंमत १६१५च्या दुसऱ्या भागात आहे. पहिला भाग वाचलेली माणसंच तिथे पात्रं म्हणून भेटतात आणि किहोतेची यथेच्छ फिरकी घेतात. त्यात १६१४ साली कुणीतरी बनावट दुसरा भाग छापला, त्यात नायक सारागोसाला जातो. सर्वांतेसने मग आपल्या नायकाची वाटच बदलली आणि त्याला बार्सिलोनाला धाडलं, केवळ तो तोतया लेखक खोटा पडावा म्हणून. अशा खोड्या चाखायच्या तर एका पुस्तकापाशी मुक्काम ठोकावा लागतो.

पैशांचं म्हणाल तर येलकडे नोंदणी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्रही नाही, कधीही उघडा. एडएक्सवर फुकट शिकणाऱ्याला ठरावीक मुदत मिळते आणि प्रमाणपत्राला पैसे पडतात. कॉलेजचे क्रेडिट हवे असतील तर हे दोन्ही सोडा, केंद्र सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन मंचावर बघा.

काय वाचावं हेच ठरत नसेल त्याने हार्वर्ड घ्यावं. जाडजूड पुस्तक तडीस नेणाऱ्याने येल. माझं मत तिकडेच. जॉन ऑर्म्सबीचा १८८५चा इंग्रजी अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. भाषा जुनी आहे आणि वर्गात दुसरा अनुवाद वापरलाय, तेव्हा पानांचे आकडे जुळणार नाहीत. प्रकरणांच्या क्रमांकावरून जा. प्राध्यापकांचे उच्चार कानाला जड गेले तर प्रत्येक व्याख्यानाची लिखित प्रत सोबतच दिलेली आहे.