सोसायटीच्या उपविधींचं पुस्तक, एका पावसाळ्यानंतर: मजकूर दणकट, पण सूचीच नाही

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचं, म्हणजे सोसायटी कशी चालवायची त्या नमुना नियमांचं, मराठी पुस्तक मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ते काय आहे हे सांगायला नको. मेंटेनन्स, पार्किंग, सभा, भाडेकरू, दुरुस्ती, निवडणूक, सगळं त्यात असतं, आणि बहुतेक घरांत ते नसतं. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही. बाजारात अशी तीन-चार पुस्तकं मिळतात आणि ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे, ती मी चाळलेल्या प्रत्येकात आहे.

घेण्याचं कारण ओल. आमची इमारत तीस वर्षांच्या पुढची, माझं घर तिसऱ्या मजल्यावर. बेडरूमच्या डक्टकडच्या, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीकडच्या, भिंतीला पोपडे धरले, मग काळे डाग आले, मग कपाटातल्या साड्यांना वास यायला लागला. प्लंबरने डक्टमध्ये डोकावून सांगितलं की वरून येणारी ड्रेनेजची उभी लाइन सांध्यात फुटली आहे. सेक्रेटरींकडे गेले तर म्हणाले, "ताई, हे तुम्ही आणि वरचे मिळून बघा. घरातलं लीकेज आहे, सोसायटीचा संबंध नाही." वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, आमचं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे, आम्ही का पैसे द्यायचे? त्या बरोबरच बोलत होत्या. प्लंबरने सांगितलेला खर्च ऐकल्यावर मी ठरवलं की आधी लिहिलंय काय ते बघायचं, मग पाकिटात हात घालायचा. पुस्तक प्लंबरच्या एका फेरीच्या पैशांत आलं.

आता ते वापरण्याविषयी. पुढे अनुक्रमणिका आहे. त्यात "सभासदत्व", "निधी उभारणी", "समितीचे अधिकार व कर्तव्ये" अशी कायद्याच्या माणसाला सोयीची शीर्षकं आहेत. लीकेज नाही, गळती नाही, ओल नाही, ड्रेनेजसुद्धा नाही. कुठला शब्द कुठे आहे ते सांगणारी सूची मागे असेल म्हणून शेवटची पानं उलटली, तर तिथे अर्जांचे नमुने आणि त्यानंतर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात. म्हणजे ज्याच्या घरात पाणी गळतंय त्याने पहिल्या पानापासून वाचत जायचं. मी गेले. संस्थेच्या मालमत्तेची दुरुस्ती आणि देखभाल या भागात, एका लांबलचक उपविधीच्या पोटात, शेवटी ते सापडलं.

सापडलं ते मात्र सोनं होतं. संस्थेने स्वतःच्या खर्चाने कोणत्या दुरुस्त्या करायच्या याची तिथे यादी आहे: आतले रस्ते, कुंपणभिंत, बाहेरच्या पाण्याच्या लाइनी, पंप, टाक्या, ड्रेनेज लाइन, जिना, गच्ची आणि तिचा कठडा, बाहेरच्या भिंती, लिफ्ट. त्याच यादीत पावसाच्या पाण्याची गळती आहे आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइन किंवा ड्रेनेज लाइनमुळे होणारी गळतीही आहे. यादीत जे नाही ते सभासदाने करायचं, म्हणजे स्वतःच्या संडास-बाथरूममधून, सिंकमधून होणारी आतली गळती. आमच्या भांडणातला प्रश्न एवढाच होता की फुटलेला पाइप कुणाचा. डक्टमधली उभी लाइन सगळ्या मजल्यांची, म्हणून सामाईक, म्हणून खर्च सोसायटीचा. वरच्या वहिनी मोकळ्या झाल्या, मीही मोकळी झाले.

मी साध्या कागदावर पत्र लिहिलं. उपविधीचा क्रमांक टाकला, मजकूर जसाच्या तसा उतरवला, खाली प्लंबरने काढलेला फोटो जोडला आणि सेक्रेटरींच्या सहीने पोच घेतली. कमिटीच्या पुढच्या बैठकीत ते वाचलं गेलं. पाऊस ओसरल्यावर लाइन बदलली. आवाज चढवावा लागला नाही, वकील लागला नाही, कुणाशी बोलणं बंद झालं नाही. आमच्या जिन्यात ही फार मोठी गोष्ट आहे.

आधी भाषेबद्दल माझी तक्रार होती. एकेक वाक्य अर्धं पान चालतं, क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर कर्ता विसरायला होतो. तेव्हा मी हा अभिप्राय लिहिला असता तर "भाषा सोपी करा" हे पहिलं वाक्य असतं. आता मत बदललं आहे. मधल्या काळात ओळखीच्या एकांनी सोप्या भाषेत सोसायटीचे नियम समजावणारं दुसरं पुस्तक वाचायला दिलं. ते एका दुपारी वाचून झालं, आवडलंही. त्यात गळतीबद्दल दोन ओळी होत्या: बाहेरची सोसायटीची, आतली सभासदाची. पण हे घेऊन बैठकीत गेलं की समोरचा विचारतो, "कुठे लिहिलंय?" आणि त्या सोप्या पुस्तकाकडे त्याचं उत्तर नाही. शिवाय आमचा डक्ट बाहेरचा की आतला, हाच तर वाद. मूळ मजकुरातला "सामाईक" हा एक शब्द तो वाद मिटवतो, आणि सोपं करताना नेमका तोच गळला होता. सामान्य माणसाला तज्ज्ञांचं पुस्तक झेपणार नाही, म्हणून त्याला पातळ करून द्यावं, असं मानणाऱ्यांनी एकदा कमिटीच्या बैठकीत बसून बघावं. मला अवघड वाक्य चालतं. दोनदा वाचीन, तीनदा वाचीन, शेजारच्या काकांना विचारीन. पण ते कुठल्या पानावर आहे हे कुणीतरी सांगितलं पाहिजे.

म्हणून पुन्हा सूचीवर येते. संदर्भग्रंथ कुणी सलग वाचत नाही. अडल्यावर उघडायचं ते पुस्तक. आणि अडलेला माणूस स्वतःच्या शब्दाने शोधतो. जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करायची तर तो "अभिहस्तांतरण" शोधत नाही, "कन्व्हेयन्स" शोधतो. "भोगवटेतर शुल्क" शोधत नाही, भाडेकरू ठेवल्यावर लागणारे जादा पैसे शोधतो. चार-पाच पानांची सूची, त्यात लोकांच्या तोंडचे शब्द आणि समोर उपविधीचा क्रमांक, एवढं झालं असतं तर पुस्तकाची किंमत दुप्पट असती तरी मी दिली असती. अर्जांच्या नमुन्यांना जागा आहे, जाहिरातीला जागा आहे, मग याला का नाही?

हे जमतं, आणि फार कोरड्या पुस्तकातही जमतं. आईला मधुमेह निघाला तेव्हा आमच्या घरात राष्ट्रीय पोषण संस्थेची अन्नघटक कोष्टकं आली. हैदराबादच्या या संस्थेने ती २०१७ साली काढली, ५२८ खाद्यपदार्थांची, १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागात काय किती ते सांगणारी. आहारशास्त्राच्या लोकांसाठी केलेलं पुस्तक आहे, आकड्यांशिवाय काही नाही. पण त्यात पदार्थांची वेगवेगळ्या भारतीय भाषांतली नावं दिलेली आहेत, मराठीसुद्धा. नाचणीला इंग्रजीत काय म्हणतात हे ठाऊक नसलेली माझी आई त्यावरून नाचणीपर्यंत पोचते. त्या पुस्तकातही अडचणी आहेत. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, कॅलरी हव्या तर ४.१८४ ने भागत बसा. शिजवलेल्या आमटी-भाजीचे आकडे नाहीत, कच्च्या जिन्नसांवरून हिशोब करावा लागतो. तरीही ते आमच्याकडे वापरात आहे, कारण हवं ते सापडतं. आणि उपविधी तर मुळात सभासदांसाठीच आहेत, तज्ज्ञांसाठी नव्हेत. तिथे सूची नसणं जास्त लागतं.

शेवटी मीच केली. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने: ओल, गच्ची, लिफ्टचा खर्च, पाण्याचं बिल, व्याज, भाडेकरू, मिनिट्स, एजीएमची (वार्षिक सभेची) नोटीस. समोर क्रमांक. आता जिन्यातले लोक पुस्तक मागायला येतात ते आधी ते पान उघडतात.

त्या पानामुळे इतरांचे काय प्रश्न सुटले तेही सांगते, कारण पैसे वाचतात ते इथे. तळमजल्यावरच्या आजोबांचं म्हणणं होतं की मी लिफ्ट वापरत नाही, मग पैसे का? उपविधीत स्पष्ट आहे: लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा, कुणी वापरो न वापरो. त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी स्वतः वाचलं आणि विषय संपला. उलट पाण्याचा खर्च नळांच्या प्रमाणात, घरटी सारखा नाही. थकबाकीवर व्याज कमिटीला वाटेल तेवढं लावता येत नाही, २०१४ च्या आदर्श उपविधींत वार्षिक २१ टक्के सरळव्याज ही कमाल मर्यादा आहे. आणि ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिलाय त्यांनी हे नक्की बघा: नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे ते भोगवटेतर शुल्क, सेवाशुल्काच्या (वॉचमन, ऑफिस अशा सोसायटी चालवण्याच्या खर्चाच्या) १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयापासून हे असं आहे. सेवाशुल्काच्या, मेंटेनन्सच्या अख्ख्या बिलाच्या नव्हे. आमच्याच इमारतीत एका घराकडून बिलाच्या एकूण रकमेवर दहा टक्के घेतले जात होते. ते आता सुधारलं.

सर्वात उपयोगी प्रकरण सगळ्यात शेवटी टाकलं आहे, तेही सांगून ठेवते. सभासदाने कुठली तक्रार कुठे न्यायची याची वाटणी तिथे आहे. सभासदत्व नाकारलं, कागदपत्रांच्या प्रती दिल्या नाहीत, सभा बोलावली नाही तर सहकार खात्याचे निबंधक. ठराव, दुरुस्ती, गळती, पार्किंग यांवरचे वाद सहकार न्यायालयात. अनधिकृत बांधकाम असेल तर महापालिका. धमकी, मारहाण झाली तर पोलीस. माणसं उपनिबंधक कार्यालयात अर्ज घेऊन जातात आणि महिनोन्महिने वाट बघून "हा विषय आमच्याकडे येत नाही" असं ऐकून परत येतात. ती दोन पानं छापून प्रत्येक सोसायटीने नोटीस बोर्डावर लावावीत.

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, छापील पुस्तकातले उपविधी "आदर्श" आहेत. तुमच्या सोसायटीला लागू होतात ते तुमच्या सर्वसाधारण सभेने स्वीकारलेले आणि निबंधकांकडे नोंदवलेले. बऱ्याच जुन्या सोसायट्यांचे उपविधी जुनेच आहेत, क्रमांक वेगळे, कधी मजकूरही वेगळा. पत्र लिहिण्याआधी सेक्रेटरींकडून नोंदवलेली प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. मी पत्रात दिलेला क्रमांक आमच्या प्रतीतला आहे, पुस्तकातला नाही. दोन, आवृत्तीचं साल बघा. मूळ महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चा. २०१४ चे आदर्श उपविधी अजून दुकानांत मिळतात, पण २०१९ साली कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी १३-ब हे स्वतंत्र प्रकरण आलं. मुखपृष्ठावर "अद्ययावत" छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आत १३-ब आहे का ते उघडून बघा, मगच पैसे द्या.

कुणी विचारेल, मग असंच औषधांचं जाडजूड पुस्तकही घरी ठेवावं का? मी नाही ठेवणार. उपविधींचा अर्थ मी चुकीचा लावला तर कमिटी मला थांबवते, निबंधक थांबवतात, फार तर एक पत्र वाया जातं. औषधाच्या मात्रेचा अर्थ चुकीचा लावला तर थांबवायला घरात कुणी नसतं. ते डॉक्टरांच्या टेबलावर ठीक आहे. पण ज्या नियमांनी आपण स्वतः बांधलेले आहोत, दर महिन्याला ज्यांच्या आधारे आपल्याकडून पैसे घेतले जातात, ते मूळ स्वरूपात घरात असलेच पाहिजेत.

बांधणी सुमार. गोंदाची बाइंडिंग दिवाळीपर्यंत सुटली, दुरुस्तीचं पान तर सुटंच झालं, आता दोऱ्याने शिवून घेतलंय. कागद पातळ, पण पेन्सिल उमटते. अक्षर बारीक, साठीच्या पुढच्यांना भिंग लागेल.

माझं प्रकरण पुरतं मिटलेलं नाही. लाइन सोसायटीने बदलली, पण आतलं भिजलेलं प्लास्टर कुणी करायचं हे शिल्लक आहे. आमच्या प्रतीत प्लास्टरचा उल्लेख आहे तो गच्चीतून पावसाचं पाणी गळून सगळ्यात वरच्या मजल्याचं छत खराब झालं तर, एवढाच. तिसऱ्या मजल्यावरच्या भिंतीबद्दल तिथे एक अक्षर नाही. हा विषय सर्वसाधारण सभेपुढे घ्यावा असं पत्र मी दिलं आहे. वार्षिक सभेच्या नोटिशीला पूर्ण १४ दिवस लागतात, हेही पुस्तकातच मिळालं, त्यामुळे पत्र त्याआधीच पोचवलं आणि पोच घेतली. रंगारी तोपर्यंत थांबवला आहे.