२०० लिटरची वाफेची मिक्सर-कढई: केळीच्या जॅमला पास, काळ्या मसाल्याला नापास

जळगाव, रावेर, यावलकडे केळीचा जॅम-पल्प, नंदुरबार-दोंडाईचाकडे मिरचीची पेस्ट आणि सगळ्या खान्देशात शेवभाजीच्या काळ्या मसाल्याचं तयार वाटण. छोटा प्रक्रिया उद्योग उभा करणारा माणूस यांपैकी काहीतरी धरतो आणि तिन्हींसाठी त्याला एकच मशीन दाखवलं जातं: अर्धगोल बुडाची, वाफेच्या जॅकेटची (म्हणजे बाहेरच्या दुहेरी कवचात वाफ खेळवणारी), कलती होणारी कढई. वरून प्लॅनेटरी स्टरर, म्हणजे ढवळणारा दांडा, स्वतःभोवतीही फिरणारा आणि भांड्याभोवतीही. त्याच्या पात्यांना टेफ्लॉनचे स्क्रॅपर. कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं, ‘ऑल पर्पज’. इथे कंपनीचं नाव नाही, कारण याच नकाशावर (डिझाइनवर) कितीतरी फॅब्रिकेटर कढई बनवतात. फरक पत्र्यात, गिअरबॉक्समध्ये आणि स्क्रॅपरमध्ये असतो. परीक्षण त्याच तीन ठिकाणांचं आहे.

आधी क्षमता. २०० लिटर हा आकडा काठोकाठचा. उकळणाऱ्या, उडणाऱ्या मालासाठी १३० ते १४० लिटर धरा. जॅम उकळताना फेस चढतो आणि घट्ट झाल्यावर गरम थेंब उडतात, ते हातावर पडले तर साखरेमुळे चिकटून बसतात. कोटेशनमध्ये ‘वर्किंग कपॅसिटी’ वेगळी लिहून घ्या. नाहीतर रोजच्या बॅचचा हिशेब पहिल्याच दिवशी तिसऱ्या हिश्श्याने चुकतो.

आता मोटर. विकणारा हॉर्सपॉवर सांगतो, घेणारा हॉर्सपॉवर विचारतो आणि दोघेही चुकतात. घट्ट मालाला वेग नको, पीळ (टॉर्क) हवा. २ एचपीची, म्हणजे दीड किलोवॉटची मोटर गिअरबॉक्समधून मिनिटाला ३० फेऱ्यांवर आणली तर शाफ्टवर सुमारे ४७५ न्यूटन-मीटर पीळ मिळतो. तीच मोटर ६० फेऱ्यांवर ठेवली तर निम्मा. म्हणजे त्याच मोटरीने एका कढईत जॅम हलतो आणि दुसऱ्या कढईत शाफ्ट अडकतो. शिवाय हा आकडा गिअरबॉक्समधला तोटा धरण्याआधीचा. ५०:१ च्या वर्म गिअरबॉक्समध्ये पाव ते एक तृतीयांश ताकद उष्णता होऊन जाते. हेलिकलमध्ये प्रत्येक टप्प्याला दोन-तीन टक्केच जाते. वर्म स्वस्त असतो, म्हणून बहुतेक कढयांवर तोच असतो. केळीच्या जॅमला चालतो. घट्ट लगद्याला किंवा खव्यासारख्या मालाला हेलिकल मागा आणि वरचे पैसे मोजा.

व्हीएफडी (विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावला की वेग हवा तसा कमी करता येतो, हे खरं. पण व्हीएफडीने वेग अर्धा केला की पीळ दुप्पट होत नाही, आहे तेवढाच राहतो. वर मोटरीचा स्वतःचा पंखाही अर्ध्या वेगाने फिरतो आणि मोटर तापते. २० हर्ट्झच्या खाली तासभर चालवायचं असेल तर मोटरीला वेगळा पंखा हवा. खान्देशात याला आणखी धार आहे. मेमध्ये जळगाव-भुसावळला सावलीत ४५ अंश; पत्र्याच्या शेडखाली वाफेच्या कढईच्या डोक्यावर त्याहून जास्त. मोटरीच्या पाटीवर आसपासचं तापमान लिहिलेलं असतं, ४०, ४५ किंवा ५०. चाळीसवाली घेऊ नका. ‘उन्हाळ्यात ओव्हरलोड ट्रिप होतो, म्हणून सेटिंग वाढवून दिलं’ हा इलाज नव्हे. वाइंडिंग जाळायची ती तयारी आहे.

या कढईची सगळ्यात चांगली बाजू स्क्रॅपर, आणि सगळ्यात जास्त दगा देणारीही तीच. पातळ माल उकळताना आपोआप वर-खाली फिरतो. घट्ट माल फिरत नाही. गरम पत्र्याला चिकटलेला थर तिथेच राहतो, करपतो आणि मग उष्णता आत जाऊ देत नाही. म्हणून भिंतीवरचा थर प्रत्येक फेरीला खरवडला गेला पाहिजे. स्क्रॅपर स्प्रिंगवर दाबलेला हवा, बोल्टने ताठ बसवलेला नको. अर्धगोल भांडं वेल्डिंगनंतर कधीच तंतोतंत गोल राहत नाही, आणि ताठ स्क्रॅपर एका बाजूला घासतो तर दुसऱ्या बाजूला अधांतरी जातो. टेफ्लॉन २६० अंशांपर्यंत टिकतं, त्यामुळे वाफेवर ते वितळायची भीती नाही. भीती झिजण्याची. धार गोल झाली की स्क्रॅपर खरवडत नाही, मालावरून घसरतो. कडेचे तुकडे निघू लागले तर ते सरळ बरणीत जातात, म्हणून दर आठवड्याला काढून कड पाहायची.

एक फसवी चूक इथेच होते. इलेक्ट्रिशियनने मोटर काढून परत जोडताना तीनपैकी दोन फेज अदलाबदल केले की स्टरर उलटा फिरतो. आवाज तोच, वेग तोच, ॲम्पिअरही जवळपास तेच. फक्त स्क्रॅपर धारेच्या बाजूने न जाता पाठीवरून घासत जातो आणि दुसऱ्या बॅचपासून बुडाला लागायला सुरुवात होते. मग दोष साखरेला, केळीला, कारागिराला. कढईच्या डोक्यावर योग्य दिशेचा बाण रंगाने काढून ठेवा आणि कुठलंही वायरिंग झालं की आधी तो पाहा.

विक्रेत्याच्या शेडमध्ये ट्रायल दाखवतात ती पाण्यावर. ती म्हणजे रिकाम्या बैलगाडीची शर्यत. खरी ट्रायल अशी घ्या: ९३ लिटर पाण्यात ७ किलो कॉर्नफ्लोअर (आधी थंड पाण्यात कालवून), ९० अंशांपर्यंत गरम करून खळ होऊ द्या, मग ५० अंशांपर्यंत निववा. त्यात १०० ग्रॅम हळद घालून सगळीकडे पिवळं होईपर्यंत फिरवा. मग १०० ग्रॅम धुण्याचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवून ओता. हळद क्षारात लाल होते, हे पापडखार हाताळणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. सगळं लाल झालं की १५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून एकाच जागी, हळूहळू ओता, कारण फेस येतो. आता माल परत पिवळा होऊ लागेल. घड्याळ लावा. जिथे लाल पट्टा रेंगाळतो तिथे मशीन पोहोचत नाही. साध्या, जहाजाच्या नांगराच्या आकाराच्या (अँकर) स्टररमध्ये हा लाल पट्टा मधल्या शाफ्टभोवती दिसतो. प्लॅनेटरीत तो जवळजवळ नसतो. या कढईचे पहिले गुण इथले. मात्र कढई जास्त भरली तर काठाजवळ, मालाच्या पातळीच्या रेषेवर एक कडं उरतं, कारण स्क्रॅपर तिथवर जात नाही. तेच कडं जॅममध्ये तपकिरी होऊन शेवटी खाली पडतं. भरायची पातळी स्क्रॅपरच्या वरच्या टोकाच्या खाली ठेवली की प्रश्न मिटतो. म्हणजे परत तेच, १४० लिटरच्या वर नको.

जॅमचा हिशेब करू. १०० किलो केळीचा पल्प, त्यात विद्राव्य घनभाग सुमारे २० टक्के. ९० किलो साखर. एकूण १९० किलोत घनभाग ११०. कायद्याने जॅमला किमान ६५ टक्के लागतात; ६८ वर थांबलो तर माल उरतो १६२ किलो. म्हणजे २८ किलो पाणी उडवायचं आहे. जॅकेटमध्ये २ किलो दाबाची वाफ म्हणजे १३३ अंश, ३ किलोला १४३. उकळत्या जॅमचं तापमान शेवटी १०४-१०५ असतं, म्हणजे फरक उरतो ३०-४० अंशांचा. या कढईचा तापणारा पृष्ठभाग जेमतेम एक चौरस मीटर. घट्ट मालातून उष्णता संथ जाते हे धरलं तर नुसतं पाणी उडवायला तास-सव्वा तास लागतो. तेवढ्या वेळात केळी काळवंडते आणि जॅम घट्ट धरणारं पेक्टिनही तुटतं. विक्रेता म्हणेल, मग ५०० लिटरची घ्या. उलटं आहे. भांडं मोठं होताना माल घनाने वाढतो आणि पृष्ठभाग वर्गाने, त्यामुळे मोठ्या कढईत तेच काम आणखी रेंगाळतं. ८०-९० किलोच्या बॅच लावा, किंवा झाकण-व्हॅक्यूमवाली कढई घ्या, जिच्यात ६०-७० अंशांवर पाणी उडतं आणि हवेचे बुडबुडेही निघतात. रंग हवा असेल तर व्हॅक्यूमचे पैसे वसूल होतात.

क्रमाचंही सांगून टाकू, कारण गुठळ्यांचा ठपका नेहमी मशीनवर येतो. केळी सोलून लगेच गरम करा, नाहीतर हवेने काळी पडते. पल्पची आम्लता कमी असते, पीएच साडेचार-पाचच्या आसपास; जॅम धरायला सायट्रिक ॲसिडने तो ३.५ च्या खाली आणावा लागतो. पेक्टिन कोरडंच त्याच्या सात-आठपट साखरेत मिसळून, गरम पल्पमध्ये, मुख्य साखर घालायच्या आधी टाका. साखर जास्त झाल्यावर टाकलेलं पेक्टिन फुगत नाही, त्याचे माशाच्या डोळ्यांसारखे दाणे होतात आणि मग कुठलाही स्टरर ते मोडत नाही. ॲसिडचा मोठा भाग शेवटी.

वाफेची बाजू कोणी पाहत नाही. जॅकेटमध्ये वाफेचं पाणी होतं. ते बाहेर गेलं नाही तर बुडाला गार पाण्याचं तळं साचतं आणि कढई वरून तापते, खालून नाही. कलती होणाऱ्या कढईत हे पाणी आतल्या नळीतून वर चढून, कढई ज्यावर कलते त्या पोकळ कण्यातून बाहेर पडतं. त्या नळीत वाफ अडकली की पाणी मागेच थांबतं. म्हणून इथे साधा थर्मोडायनॅमिक ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) नको. अडकलेली वाफ सोडणारी सोय असलेला फ्लोट ट्रॅप मागा. सुरुवातीला जॅकेटमधली हवा काढायला वेगळा व्हेंट हवा. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे, सॉफ्टनरशिवाय बॉयलर चालवलात तर क्षार बसतात आणि वाफ कमी पडते. सेफ्टी व्हॉल्व्ह जॅकेटच्या कमाल कामाच्या दाबाला बसवलेला आणि जॅकेटची दीडपट दाबाने पाण्याची चाचणी झालेली असावी, कागदासह.

पत्रा. केळीला आतून ३०४ ग्रेडचा स्टेनलेस पत्रा पुरतो. मिरची पेस्टमध्ये मीठ आणि आम्ल दोन्ही, तिथे ३१६ घ्या; ३०४ ला काही महिन्यांत सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि त्यात माल सडतो. चुंबक लावून काही कळत नाही. २०२, ३०४, ३१६ तिन्ही जवळपास सारखेच वागतात. मॉलिब्डेनमचे टेस्टिंग ड्रॉप स्वस्तात मिळतात, थेंब टाकला की ३१६ आहे की नाही दोन-चार मिनिटांत समजतं. मिल सर्टिफिकेट (पत्रा बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला) मागा, पण थेंबही टाका. मिरचीचे पैकीच्या पैकी गुण आम्ही देणार नाही: ही कढई पेस्ट शिजवते, बारीक करत नाही. बिया-साल आधी दळूनच यायला हवी. शिवाय उघड्या तोंडातून ठसका सगळ्या शेडभर जातो, वर धुराडं आणि पंखा लागतोच.

काळा मसाला मात्र सरळ नापास. कांदा आणि सुकं खोबरं खरपूस व्हायला तेल दीडशेच्या वर चांगलं चढावं लागतं. ३ किलोच्या वाफेचा कळस १४३. या कढईत कांदा तासभर उकडतो, पाणी सोडतो, पिवळा-तांबूस होऊन थांबतो. रंग येत नाही म्हणून कारागीर वेळ वाढवतो आणि तेल सुटून वाटण कोरडं पडतं. यासाठी थर्मिक ऑइलची (जॅकेटमध्ये वाफेऐवजी गरम तेल फिरवणारी) कढई, किंवा भाजणी वेगळ्या गॅसच्या भट्टीवर करून इथे फक्त रस्सा एकजीव करायचा. गॅसचा थेट बर्नर याच कढईखाली लावून देणारेही आहेत. बुडाच्या मधोमध एक ताटाएवढा लाल डाग तयार होतो, टेफ्लॉन तिथे जळून खराब होतं. नकोच. आणि कोणी भरिताचा प्रयोग करायला निघालं तर: भरीत ठेचायचं असतं. प्लॅनेटरीत वांग्याचा लगदा होतो, भरीत होत नाही.

माल काढताना खालचा व्हॉल्व्ह न वापरता कढई कलती करून ओतणं बरं. बॉल व्हॉल्व्हच्या पोकळीत माल अडकतो आणि दुसऱ्या दिवशी आंबतो. खालचा व्हॉल्व्ह लागलाच तर बटरफ्लाय, आणि तोही तीन इंची हवा, दोन इंचीतून जॅम उतरत नाही. हायड्रॉलिक टिल्टिंग सोपं वाटतं, पण वीज गेली की दीडशे किलो जॅम भांड्यात गोठू लागतो. हाताने फिरवायचं चाक असलेलं, किंवा हायड्रॉलिकला हातपंप असलेलंच घ्या. वीज परत आल्यावर थंड, घट्ट मालात थेट स्टरर सुरू करू नका. आधी जॅकेटमध्ये वाफ सोडून कड सुटू द्या, मग कमी वेगाने. शाफ्टची चावी (शाफ्ट आणि गिअर एकत्र धरणारी लोखंडी पट्टी) तुटते ती याच क्षणी. पुढे पंप लागला तर लोब किंवा स्क्रू पंप. स्क्रू पंप कोरडा फिरवला तर रबरी स्टेटर मिनिटांत जातो.

वरच्या गिअरहेडमधून ग्रीस गळणं हा या नकाशाचा जन्मजात दोष. खाली तेल झेलणारी थाळी आणि फूड ग्रेड ग्रीस हे दोन्ही पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहा. त्याच पीओमध्ये स्क्रॅपरचे दोन जादा सेट, स्प्रिंगांचा एक सेट, वरच्या ऑइल सीलचा नंबर आणि गिअरबॉक्समधल्या तेलाचा ग्रेड लिहून घ्या. मशीन शेडमध्ये उतरल्यावर हे मागायला फोन केला, तर बॅच बंद ठेवून वाट पाहावी लागते.